पांढरं कार्ड : भूकंपोत्तर तपासणी पथकाच्या प्रकल्प नोंदी

६ जानेवारी

स्ट्रक्चरल इंजिनिअर्सच्या आमच्या विभागीय संघटनेच्या कार्यकारिणीने आज भूकंपोत्तर तपासणी पथकाला मंजुरी दिली. समन्वयाचं काम माझ्याकडे आलं आहे. मुदत जुलैअखेर. तोवर तीन गोष्टी तयार हव्यात: प्रशिक्षित सभासदांची यादी, तपासणीचा एकपानी फॉर्म आणि इमारतीच्या दारावर लावायची तीन रंगांची कार्डं.

बैठकीत एका सभासदांनी विचारलं, "हे काम प्रशासनाचं. संघटनेने त्यात का पडावं?" प्रश्न रास्त आहे. इमारत बंद करायचा अधिकार आपल्याला नाही आणि तो मागायचाही नाही. पण भूकंपानंतरच्या सकाळी हजारो दारांशी उभं राहून बघायला जे डोळे लागतात, तेवढे कुठल्याच कार्यालयाकडे नसतात. ते आपल्या व्यवसायात आहेत. कॅलिफोर्नियातल्या स्ट्रक्चरल इंजिनिअर्सच्या संघटनेने १९७१च्या सॅन फर्नांडो भूकंपानंतर पुढाकार घेतला, त्यातून १९७३मध्ये अप्लाइड टेक्नॉलॉजी कौन्सिल उभी राहिली. त्याच कौन्सिलने १९८९मध्ये एटीसी-२० ही तपासणीपद्धत आणली. लाल, पिवळं, हिरवं कार्ड तिथलंच. पुस्तिका हातात पडून जेमतेम काही आठवडे झाले होते आणि १७ ऑक्टोबरला कॅलिफोर्नियातच लोमा प्रिएटाचा भूकंप झाला. पुस्तिका वेळेत आली म्हणून उपयोगी पडली. आपल्यालाही तारीख ठाऊक नाही, म्हणून काम आत्ता.

१४ जानेवारी

सभासदांना आवाहन पाठवलं. अटी मोजक्याच. जोडीतला एक जण किमान दहा वर्षांच्या अनुभवाचा हवा. स्वतः डिझाइन केलेली इमारत स्वतः तपासायची नाही. आणि प्रशासनाने बोलावल्याशिवाय कुणीही परस्पर निघायचं नाही.

शेवटच्या अटीवर दोन फोन आले. उत्साह समजतो, पण हेल्मेट घालून स्वतःहून पोचलेला इंजिनिअर बचावपथकाच्या कामात अडथळाच ठरतो. अट तशीच ठेवली.

२३ जानेवारी

४१ नावं आली. अर्ध्याहून अधिक तिशीच्या आतली आहेत, हे बघून बरं वाटलं.

फॉर्मचा पहिला मसुदा दोन पानी झाला होता, तो एका पानावर आणला. क्रम असा ठेवला: आधी बाहेरून पूर्ण फेरी, मग आत. बाहेरून इमारत कलली आहे का, मजला मजल्यावरून सरकला आहे का, पाया आणि जमीन यांत फट पडली आहे का, शेजारची इमारत अंगावर येण्याजोगी आहे का. गच्चीचा कठडा, छज्जे, वरच्या टाक्या. लाल कार्डासाठी बाहेरच पुरेसं कारण दिसलं तर आत पाऊल टाकायचं नाही. साहित्याच्या यादीत ओळंबा आवर्जून लिहिला आहे. लेझर असला तरी असू द्या, पण बॅटरी संपली की ओळंबाच खरं सांगतो.

कार्डांवरचे शब्दही लिहून टाकले. लाल: "धोकादायक". पिवळं: "मर्यादित वापर". हिरवं: "सुरक्षित".

५ फेब्रुवारी

फॉर्म छाननीसाठी पाठवला. विशेष काही नाही.

२२ फेब्रुवारी

संध्याकाळच्या व्याख्यानाला सभागृह भरलं होतं. विषय न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्च शहराचा भूकंप. मी वक्त्यांशी तारीख ठरवली तेव्हा आजचा दिवस मुद्दाम निवडला होता, कारण तो भूकंप २२ फेब्रुवारी २०११चा.

पण गोष्ट सुरू होते आधीच्या सप्टेंबरात. ४ सप्टेंबर २०१०च्या पहाटे ७.१ मॅग्निट्यूडचा भूकंप झाला. केंद्र शहरापासून बरंच पश्चिमेला. इमारतींचं नुकसान झालं, पण इमारती पडून माणसं मेली नाहीत. तपासणी झाली, कार्डं लागली. सीटीव्ही या सहा मजली इमारतीला हिरवं कार्ड मिळालं. नंतर मालकांच्या वतीने एका इंजिनिअरनेही इमारत पाहिली, मात्र स्ट्रक्चरल ड्रॉइंग त्यांच्या हाती आलंच नाही. लोक कामावर येत राहिले. २२ फेब्रुवारीच्या दुपारी जो धक्का बसला तो आकड्याने लहान, पण शहराच्या अगदी जवळचा आणि उथळ होता. सीटीव्ही काही सेकंदांत बसली. त्या दिवशी १८५ माणसं गेली, त्यातली ११५ या एका इमारतीत.

वक्त्यांनी न्यूझीलंड सरकारने नेमलेल्या शाही चौकशी आयोगाच्या अहवालातली कारणं क्रमाने मांडली: कॉलम लवचिक नव्हते, बीम-कॉलमच्या सांध्यात पुरेशी रिंग (उभ्या गजांना बाहेरून बांधणारं लोखंडी कडं) नव्हती, स्लॅब आणि उत्तरेकडच्या भिंतींची जोडणी कच्ची होती. मी ते सगळं लिहून घेतलं, पण डोक्यात एकच घोळत होतं. यातली एकही गोष्ट प्लॅस्टरवरून दिसत नाही. पहिल्या भूकंपानंतर ज्यांनी तपासलं त्यांनी जे दिसलं ते प्रामाणिकपणे पाहिलं असेल, तरी कार्ड हिरवंच लागलं असतं.

आणि माझ्या मसुद्यात हिरव्या कार्डावर मी "सुरक्षित" लिहिलं आहे. आठ वर्षांपूर्वी एका सोसायटीच्या जिन्यात एका आजींनी मला हेच विचारलं होतं, "बाळा, सुरक्षित आहे ना?" आणि मी "हो" म्हणालो होतो. मी तेव्हा फक्त गळती पाहायला गेलो होतो.

घरी येऊन मसुद्यातला तो शब्द खोडला.

१ मार्च

पूर्ण बैठक एका शब्दावर गेली. वेळ वाया गेला असं मला वाटत नाही.

"सुरक्षित" जायला हवं यावर लवकर एकमत झालं. त्या जागी काय, यावर दोन तास. "वापरण्यायोग्य" हा शब्द आला. तो हमीच देतो, फक्त जरा हळू आवाजात. "हरकत नाही" मला आवडलं होतं, पण एक सदस्य म्हणाल्या, "आपण हरकत नाही म्हटलं की उद्या विमा कंपनी, भाडेकरू, मालक सगळे तेच पुढे करतील. आपल्याला हरकत घ्यायचा अधिकार होता कुठे?" बरोबर आहे. शेवटी ज्येष्ठांपैकी एकांनी फळ्यावर लिहिलं: "तपासणी केली. उघड धोका आढळला नाही." त्यातला "उघड" हा शब्द सगळं वजन उचलतो. आम्ही काय पाहिलं ते त्यात आहे, उद्या काय होईल ते नाही.

अमेरिकेतही हिरव्या कार्डावर "तपासलं" एवढंच असतं. पिवळ्या कार्डावरचे शब्द तर त्यांनी अनुभवानंतर बदलले. आधी "मर्यादित प्रवेश" होतं. कॅलिफोर्नियातल्या १९९४च्या नॉर्थरिज भूकंपानंतर, एटीसी-२०च्या १९९५च्या पुरवणीत ते "मर्यादित वापर" झालं. शब्द बदलण्यात कमीपणा नाही, हे मला आज यातून पटलं.

लाल कार्डावर "धोकादायक" ठेवलं, पण खाली ओळ वाढवली: "हा इमारत पाडण्याचा आदेश नाही." लोकांना ही भीती खरोखर असते. लाल कार्ड बघितलं की घर गेलं असं समजून ते रातोरात सामान काढायला आत शिरतात, आणि ज्यासाठी कार्ड लावलं तेच घडतं.

प्रत्येक कार्डावर तारीख आणि वेळ, दोन्ही. मोठा धक्का पुन्हा बसला की आधीची सगळी कार्डं रद्द समजायची. ही ओळही छापायची.

रंगाचा विषय निघाला होता. मी हिरव्याच्याच बाजूने बोललो. सगळ्यांना कळतो, सिग्नलसारखा.

९ मार्च

क्राइस्टचर्चच्या व्याख्यानानंतर एक जोडकाम सुरू केलं आहे. जुन्या इमारतींची ड्रॉइंग्ज गोळा करायची. आमच्या निवृत्त सभासदांच्या माळ्यांवर, कपाटांच्या वर, पत्र्याच्या नळ्यांत ती पडून आहेत. ती गेली की त्या इमारतींच्या पोटात काय आहे हे कायमचं कळेनासं होईल.

आज पहिली खेप आली. ८२ वर्षांच्या एका सरांनी ३० गुंडाळ्या दिल्या. ट्रेसिंग क्लॉथवरची काही, बाकी अमोनिया प्रिंट. गुंडाळी सोडताना अजून तो वास येतो. कडा भुरभुरत होत्या, म्हणून आधी दोन दिवस वजनाखाली सपाट ठेवणार, मग स्कॅन. सरांनी प्रत्येक गुंडाळीवर पेन्सिलीने इमारतीचं नाव आणि साल लिहिलं होतं. अक्षर आजही कोरल्यासारखं आहे.

२१ मार्च

पहिलं वर्गप्रशिक्षण. दिवसभर तडे.

तडा दिसला की घाबरायचं नाही आणि सोडूनही द्यायचं नाही. प्लॅस्टरला बोटाच्या सांध्याने ठोकायचं, पोकळ बद्द आवाज आला तर प्लॅस्टर सुटलंय. खरवडून मागे बघायचं. भिंत आणि फ्रेमच्या कडेने गेलेली सरळ फट म्हणजे बहुधा विटांची भिंत कॉलम-बीमच्या चौकटीपासून सुटली. खिडक्यांच्या मधल्या पट्ट्यात फुलीसारखे तिरके तडे असतील तर त्या पट्ट्याने दोन्ही दिशांचा धक्का सोसला आहे. आणि कॉलममध्ये तिरका तडा दिसला तर बाकीचा फॉर्म बाजूला ठेवून आधी तिथेच थांबायचं.

अर्ध्या उंचीच्या भिंतीत अडकलेल्या कॉलमवर बराच वेळ गेला. वर हवेसाठी लांब खिडकी, खाली भिंत, त्यामुळे कॉलमला वाकायला जागा उरते ती फक्त खिडकीएवढी. आखूड झालेला कॉलम ताठ होतो, जोर स्वतःकडे ओढून घेतो आणि तिरका फाटतो. शाळा आणि कारखाने यांत हा प्रकार फार. तरुण मंडळींनी हे पुस्तकात वाचलं होतं, पण फोटो दाखवल्यावर वर्ग गप्प झाला.

दुपारनंतर दगडी बांधकाम. किल्लारीशिवाय हा तास होऊ शकत नाही. ३० सप्टेंबर १९९३, मॅग्निट्यूड ६.२, जवळपास दहा हजार माणसं. अडीच-अडीच फूट जाडीच्या भिंती, मातीत बसवलेले गोटे, वर मातीचं जड माळवद. भिंत जाड म्हणून मजबूत वाटायची, पण आतून ती दोन वेगळ्या पाखांची, म्हणजे शेजारी उभ्या दोन थरांची होती. आरपार जाणारे लांब दगड नसल्याने पाखं एकमेकांपासून सुटली, फुगली आणि माळवद खाली आलं. फॉर्ममध्ये दगडी भिंतींसाठी "फुगवटा" असा स्वतंत्र चौकोन वाढवला. भिंतीला गाल लावून लांबवर नजर टाकली की फुगवटा दिसतो, हे आमच्या वयस्कर सभासदांनी प्रत्यक्ष करून दाखवलं.

१३ एप्रिल

सराव. पुनर्बांधणीसाठी रिकामी केलेली एक चार मजली इमारत मालकांनी दिवसभरासाठी दिली. आदल्या दिवशी आम्ही तिघांनी लाल खडूने भिंतींवर तडे काढून शेजारी रुंदी लिहिली. दोन दारं जॅम करून ठेवली. १४ जोड्या, प्रत्येकीला अर्धा तास, आपसांत बोलायचं नाही.

निकाल: ८ हिरवी, ५ पिवळी, १ लाल.

इमारत एक, खडूचे तडे तेच, दिवस तोच. फॉर्म पसरून बसलो तेव्हा कुणी बोलेना. हिरवं आणि पिवळं यांतला फरक बहुतेक जिन्याशेजारच्या एका तिरक्या तड्यावरून पडला होता. काहींनी तो नुसत्या भिंतीचा धरला, काहींनी चौकटीचा. हे शिकवून सुधारता येईल.

लाल कार्डाची गोष्ट निराळी. त्या जोडीने खडूकडे बघून ते दिलंच नव्हतं. तळमजल्यावर मागच्या कोपऱ्यात जुनी दारं भिंतीला टेकवून ठेवली होती. जोडीतल्या धाकट्या मुलीने ती बाजूला केली. मागे कॉलम. गजांवरचं काँक्रीटचं कव्हर गळून पडलेलं, गज गंजलेले, दोन रिंगा उघड्या. तिने टेप काढण्याआधी हात ठेवला. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत पूर्ण वीत, आणि दोन रिंगांमधलं अंतर बरोबर तेवढंच. फॉर्मवर तिने लिहिलंय: "रिंगांमधील अंतर एक वीत (९ इंच). खडूची खूण नाही, हे नुकसान खरं आहे."

आम्ही तिघं आदल्या दिवशी त्या दारांसमोरून किमान चारदा गेलो होतो.

आणखी एक. सराव चालू असताना एका जोडीने हिरवं कार्ड फाटकाला लावलं. त्यावर नवे शब्द होते, आम्ही दोन तास घासून घेतलेले. वॉचमनकाकांनी लांबूनच पाहिलं आणि त्या मुलीला म्हणाले, "ताई, हिरवं लागलं, म्हणजे आता काही भीती नाही ना?" त्यांनी कार्ड वाचलंच नव्हतं. त्यांच्यापर्यंत रंग आधी पोचला.

१६ एप्रिल

सरांच्या गुंडाळ्यांच्या यादीत सहज नजर टाकली आणि सरावाची इमारत सापडली. २३ नंबरची गुंडाळी, १९६६. फूट-इंचातलं ड्रॉइंग. कॉलमच्या तक्त्यात स्वच्छ लिहिलं आहे: पाव इंची रिंगा, ९ इंचांवर.

म्हणजे गंजलेल्या त्या एका कॉलमपुरता हा प्रश्न नाही. चारही मजल्यांचे सगळे कॉलम असेच. त्या काळच्या रीतीने चूक काहीच नव्हती, वरचा भार ते साठ वर्षं बिनबोभाट पेलत आले. पण आडवा धक्का बसून कव्हर उडालं की आतल्या काँक्रीटला बांधून ठेवायचं काम रिंगांचं. त्या एकमेकींपासून एवढ्या लांब असल्या तर मधले गज बाहेर वाकतात, काँक्रीट निसटतं आणि कॉलम एकदम जातो, सूचना न देता. सीटीव्हीच्या कॉलमांत ६ मिलिमीटरची वेटोळी रिंग २५० मिलिमीटरच्या अंतरावर होती. तीही साधारण एक वीत.

आठ जोड्यांनी ज्या इमारतीला हिरवं दिलं, तिच्या पोटात हे होतं. त्या आठांना दोष देत नाही. अर्ध्या तासात, ड्रॉइंगविना, मीही बहुधा हिरवंच दिलं असतं.

सरांना फोन करून सांगितलं. ते थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "त्या रिंगा मीच काढल्यात. उरलेल्या गुंडाळ्याही घेऊन जा, उद्याच या."

२८ एप्रिल

बैठक. मी माझं १ मार्चचं मत मागे घेतलं, तसं इतिवृत्तात लिहायला सांगितलं. न्यूझीलंडने क्राइस्टचर्चनंतर हिरवं कार्ड काढून पांढरं आणलं. रंगाने हमी द्यायची नाही, हाच त्यातला विचार. आपलंही पांढरं. अध्यक्षांची शंका अशी की पांढऱ्याचा अर्थ लोकांना कळणार नाही. माझं म्हणणं, न कळल्यावर माणूस जवळ येऊन वाचतो, आणि वाचावं हेच तर हवं आहे. मतदान झालं, पांढरं मंजूर.

कार्डावर एक नवी ओळ: "स्ट्रक्चरल ड्रॉइंग पाहिलं : होय / नाही." बहुतेक वेळा "नाही"वरच खूण होईल. असू दे.

सरावातल्या चुका सगळ्यांपुढे यायला हव्यात, पण नावानिशी कुणी लिहिणार नाही, हेही उघड आहे. ब्रिटनमध्ये २००५पासून क्रॉस नावाची गोपनीय नोंदवही चालते. इंजिनिअर आपली चूक किंवा थोडक्यात टळलेला अपघात कळवतो, नाव-गाव काढून मजकूर सगळ्यांना वाचायला मिळतो. आपल्या वार्तापत्रात त्यासाठी अर्धं पान ठेवलं. पहिला मजकूर मीच दिला आहे: टेकवून ठेवलेली दारं.

४ जून

स्वयंसेवकांच्या कायदेशीर संरक्षणाबद्दल प्रशासनाला दिलेल्या पत्राचं उत्तर अजून नाही. दुसरं स्मरणपत्र पाठवलं. चांगल्या हेतूने, मोबदला न घेता तपासणाऱ्याला उद्या न्यायालयात एकट्याने उभं राहावं लागू नये, एवढीच मागणी आहे. हे लेखी मिळाल्याशिवाय मी एकाही जोडीला पाठवणार नाही.

१७ जून

पहाटे साडेचारला, आधी न सांगता, बोलावणी-चाचणी. ३६ जणांना निरोप, तासाभरात २२ जणांची उत्तरं. पण खऱ्या वेळी फोन चालतीलच याची खात्री नाही, म्हणून आता निरोपावर अवलंबून राहायचंच नाही. ठरावीक तीव्रतेचा धक्का जाणवला की घरच्यांची सोय लावून संघटनेच्या कार्यालयात जमायचं. कार्यालयाची इमारत आधी आम्हीच तपासून घेतली. तिचं ड्रॉइंगही मिळवलं.

९ जुलै

कार्डांचे नमुने छापून आले. जाड, पाणी न शोषणारा कागद. प्रत्येक रंगाची तीन कार्डं वेगवेगळ्या लेखणीने भरून, बॉलपेन, मार्कर, पेन्सिल, कार्यालयाच्या बाहेरच्या फाटकाला लावली. पाऊस सुरू आहे, त्याला काम करू दे.

प्रशासनाचं उत्तर आलं. संरक्षण आहे, पण त्यांनी लेखी बोलावलं असेल तरच. आपली अटही तीच होती.

२५ जुलै

१६ दिवसांनी कार्डं उतरवली. बॉलपेनचं अक्षर निळसर डाग होऊन पसरलं होतं. मार्कर उन्हापावसात फिका झाला, नेमकी तारीख-वेळ लिहिलेली खालची ओळ पहिली गेली. पेन्सिलीने लिहिलेलं जसंच्या तसं, आणि मला सरांच्या गुंडाळ्यांवरची सालं आठवली.

साहित्याच्या यादीत ओळंब्याखाली लिहिलं: मऊ शिसाच्या पेन्सिली, प्रत्येकी दोन. पांढऱ्या कार्डाची अंतिम प्रत छापखान्यात दिली.